जनरल मोनॅश आणि ९३ मिनिटांची लढाई

ओळंबा (धागाकर्ता)

पवईच्या आयआयटीबी-मोनॅश अकादमीमुळे आणि मेलबर्नला शिकायला जाणाऱ्या पोरांमुळे 'मोनॅश' हे नाव आपल्याला माहीत आहे ते विद्यापीठाचं म्हणून. विद्यापीठ १९५८चं. ज्याचं नाव त्याला दिलं तो जॉन मोनॅश (१८६५-१९३१) पेशाने पूल बांधणारा सिव्हिल इंजिनियर, हौसेने तोफखान्यातला अर्धवेळ अधिकारी, आणि पहिल्या महायुद्धात, १९१८च्या मे अखेरीपासून, फ्रान्समधल्या ऑस्ट्रेलियन कोअरचा, म्हणजे पाच डिव्हिजनांचा, सेनापती. या माणसाने लढाई कशी 'बांधली' यावर हा धागा. चरित्र थोडक्यात उरकतो.

आईवडील प्रशियातल्या पोझेन भागातून आलेले ज्यू, जन्म वेस्ट मेलबर्नचा. विद्यापीठात पहिल्याच वर्षी नापास झाला. पुढे इंजिनियरिंग, कला आणि कायदा अशा तिन्ही पदव्या घेतल्या, पण रखडत, नोकरी करत करत. १८८४ला विद्यापीठाच्या स्वयंसेवक कंपनीत भरती, १८८७ला किनारी संरक्षणाच्या तोफखान्यात अधिकारी, १८९७ला मेजर. १९०८ ला गुप्तवार्ता विभागात लेफ्टनंट कर्नल झाला. तिथलं मुख्य काम नकाशे तयार करणं. १९१३ला कर्नल आणि एका ब्रिगेडचा प्रमुख. युद्ध सुरू झालं तेव्हा वय ४९, वजनदार देह, आणि तोवर एकही गोळी अंगावरून गेलेली नाही.

आता हामेल. ४ जुलै १९१८, सोम नदीच्या दक्षिणेला. जर्मनांच्या हातात असलेलं हे गाव आणि शेजारच्या व्हेर आणि हामेल या दोन राया म्हणजे ऑस्ट्रेलियन रेषेत घुसलेलं कोपर. तिथून आपल्या तोफांच्या जागा दिसतात, म्हणून ते काढायचं. आघाडी सुमारे ६ किलोमीटर रुंद, खोली २ किलोमीटरच्या आसपास. मोनॅशने वेळ धरली ९० मिनिटं, लागली ९३. शून्य वेळ, म्हणजे हल्ला सुरू व्हायचा क्षण, पहाटे ३:१०.

माणसं किती? (काही बटालियना मिळून एक ब्रिगेड, काही ब्रिगेड मिळून एक डिव्हिजन.) चौथी आणि अकरावी ब्रिगेड पूर्ण, सहाव्यातल्या काही तुकड्या, आणि अमेरिकेच्या ३३व्या डिव्हिजनच्या चार कंपन्या, म्हणजे हजारेक माणूस. तोफा सहाशेच्या वर, त्यातल्या निम्म्याच्या जवळपास जड. रणगाडे ६० लढाऊ आणि ४ मालवाहू. विमानं वेगळी.

खरं काम झालं ते आधी. शेवटची बैठक ३० जूनला. टिपणात १३३ मुद्दे, बैठक साडेचार तास. पायदळ, तोफखाना, रणगाडे, विमानदळ, सिग्नल, दारूगोळा असे सगळे अधिकारी एका खोलीत. एकेक मुद्दा वाचायचा, ज्याच्याकडे ते काम त्याने अडचण असेल तर तिथेच सांगायची, मिटवायची, पुढे. बैठक संपली की आराखडा बंद. कितीही चांगली सूचना नंतर आली तरी बदल नाही, कारण एक आकडा हलला की त्यावर टेकलेले वीस आकडे हलतात आणि ते वीस लोकांपर्यंत पोचतीलच याची खात्री नसते. बांधकामावर ड्रॉइंग फायनल झाल्यावर खिडकी सरकवायला सांगणारा मालक ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काडतूस

छान सुरुवात. तोफांचा भाग राहिला, तो मी भरतो.

पायदळासमोर सरकता भडिमार होता. पहिली रेघ पायदळाच्या २०० यार्ड पुढे पडायची, मग दर ३ मिनिटांनी १०० यार्ड पुढे सरकायची. मध्यावर १० मिनिटांचा थांबा. हा थांबा विश्रांतीचा नव्हे. मागे पडलेल्या तुकड्या आणि रणगाडे रांगेत यावेत, वाट चुकलेल्यांना आपली जागा सापडावी म्हणून तो ठेवलेला. भडिमार तीन थरांचा: जवळ मैदानी तोफा, त्यापुढे २०० यार्डांवर हलक्या हॉवित्झर (गोळा उंच कमानीत टाकणाऱ्या तोफा), त्यापुढे आणखी ४०० यार्डांवर जड हॉवित्झर. मैदानी तोफांच्या गोळ्यांचं प्रमाण श्रॅपनेल (हवेत फुटून छर्रे उधळणारे) ६०%, स्फोटक ३०%, धूर १०%.

या १०% धुरामागची युक्ती अशी. आधीचे कित्येक दिवस रोज पहाटे जर्मन रेषेवर धूर आणि विषारी वायू एकत्र टाकला. जर्मनांना सवय लागली की धूर दिसला की मुखवटा चढवायचा. ४ जुलैला फक्त धूर. जर्मन मुखवटा घालून बसले, त्यातून धड दिसत नाही, श्वास लागतो, आणि समोरून ऑस्ट्रेलियन शिपाई मुखवट्याशिवाय धावत आले.

रणगाड्यांच्या आवाजाचाही असाच बंदोबस्त. रात्री विमानं मुद्दाम खाली घिरट्या घालत बॉम्ब टाकत राहिली, आणि ३:०२ पासून आठ मिनिटं रोजच्यासारखा किरकोळ गोळीबार चालू ठेवला. त्या आठ मिनिटांत रणगाडे मागून निघून पायदळापाशी पोचले.

चुकलं काय? काही तोफांचे गोळे आखूड पडले आणि आपलीच माणसं गेली. सरकत्या भडिमारात हा धोका नेहमीचा. नळी झिजली, दारूचा लॉट बदलला, हवा गार झाली की गोळा आखूड. दुसरं, 'पेअर ट्रेंच' नावाच्या खंदकापाशी रणगाडे वेळेवर आले नाहीत आणि काटेरी तार तुटलेली नव्हती. तिथे १५व्या बटालियनने लुईस मशीनगन चालवत, तार ओलांडून, हातघाईने खंदक घेतला. हेन्री डॅलझीलला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथला.

रानवाट

काडतूस, मालवाहू रणगाड्यांनी नेलं तरी काय?

काडतूस

एका मालवाहू रणगाड्याचा माल असा नोंदलेला आहे: काटेरी तारेची १३४ वेटोळी, लोखंडी पिळाच्या खुंट्या ४५० (लांब १८०, आखूड २७०), पत्रे ४५, पाण्याचे पेट्रोल-डबे ५०, खंदकतोफेचे बॉम्ब १५०, काडतुसं १०,००० आणि हातबॉम्बच्या २० पेट्या. चारांनी मिळून सुमारे १,२०० हमालांचं काम केलं. खुंट्या पिळाच्या का? ठोकायच्या झाल्या तर हातोड्याचा आवाज होतो. पिळाची खुंटी काठीने फिरवत जमिनीत शिरवता येते, गुपचूप.

शिवाय विमानांतून पॅराशूटने काडतुसाच्या पेट्या टाकल्या, एकूण लाखभर काडतुसं. मशीनगनवाला पांढऱ्या कापडाची खूण जमिनीवर पसरायचा, वैमानिक त्यावर नेम धरायचा. टाकायची यंत्रणा लॉरेन्स वॅकेट या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने जमवली. तोवर दारूगोळा पुढे न्यायचा म्हणजे पाठीवर पेटी घेतलेली दोन माणसं उघड्या रानातून चालत जायची, आणि त्यांतली बरीच पोचायची नाहीत.

लालशाई

धागाकर्त्याच्या भक्तिभावात थोडं पाणी घालतो.

एक, सरकता भडिमार ही मोनॅशची कल्पना नव्हती. हामेलच्या पहिल्या आराखड्यात रणगाड्यांनी पुढे जायचं, पायदळाने त्यांच्या मागे, आणि तोफांचं काम कमी, असा रोख होता. रणगाडा ब्रिगेडच्या प्रमुखाचा आग्रह तोच. त्याला अडवलं चौथ्या डिव्हिजनच्या मॅक्लॅगनने आणि त्याच्या लोकांनी. कारण ११ एप्रिल १९१७ चं बुलेकूर. तिथे याच चौथ्या ब्रिगेडला तोफांच्या भडिमाराशिवाय, रणगाड्यांच्या भरवशावर पुढे पाठवलं. रणगाडे बर्फात बंद पडले, उशिरा आले, जळाले. ब्रिगेडच्या ३,००० पैकी २,३३९ माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. त्या लोकांना 'रणगाडे येतील' या वाक्याची किंमत माहीत होती. भडिमार परत आला तो रॉलिन्सनच्या, म्हणजे चौथ्या आर्मीच्या सेनापतीच्या, मान्यतेने.

मोनॅशचं श्रेय इथे दिसतं की त्याने ते मुकाट ऐकलं आणि बैठकीआधी ऐकलं. आपल्याच कल्पनेला चिकटून बसला नाही.

दोन, बुलेकूरचा धसका काढायला पुढे जे केलं ते आजही शिकण्यासारखं. चौथ्या डिव्हिजनच्या बटालियना व्हो गावी बसमधून नेल्या, रणगाड्यांवर चढवलं, आत बसवलं, खोट्या खंदकांवर एकत्र सराव घेतला. प्रत्येक बटालियनला तिचे ठरलेले रणगाडे दिले आणि त्या रणगाड्यांवर त्या बटालियनचे रंगखूण-पट्टे रंगवले. लढाईत रणगाडा पायदळाच्या अधिकाऱ्याचं ऐकेल असा नियम. मार्क ५ हा नवा रणगाडा होता हेही खरं. जुन्या मार्क १ला वळवायला चार माणसं लागायची, मार्क ५ एकटा चालक हाकतो. १५० अश्वशक्तीचं रिकार्डो इंजिन. मोनॅशच्या नोंदीप्रमाणे ६० पैकी ३ च निकामी झाले आणि तेही दुसऱ्या रात्री स्वतःच्या चाकांवर, म्हणजे पट्ट्यांवर, परत आले.

ओळंबा

मॅक्लॅगनचा मुद्दा मान्य. मूळ लेखात तो यायला हवा होता.

अमेरिकनांचा प्रसंग इथेच सांगतो, कारण आराखडा बंद म्हणजे काय हे त्यात कळतं. अमेरिकन फौजेचा सरसेनापती जनरल पर्शिंग याला कळलं की आपली माणसं दुसऱ्याच्या हाताखाली लढणार आहेत. त्याने ३ जुलैला ती काढून घ्यायला सांगितलं. सहा कंपन्या आधीच मागे गेल्या होत्या. उरलेल्या चार ऑस्ट्रेलियन प्लाटूनांत मिसळलेल्या, त्या काढल्या तर जागोजाग भोकं. मोनॅशने रॉलिन्सनला सांगितलं, संध्याकाळी साडेसहापर्यंत काढू नका असा हुकूम आला नाही तर लढाई रद्द, कारण त्यानंतर तोफा, विमानं, रणगाडे यांना निरोप पोचायला वेळ उरत नाही. ब्रिटिश सरसेनापती हेगने 'करा' म्हटलं. वरिष्ठाला वेळेची अट घालणं हे हट्टाचं वाटेल, पण साडेसहा हा आकडा मनातला नव्हता, निरोप पोचायला लागणाऱ्या तासांवरून उलटा मोजलेला होता.

हानी: दोस्तांकडची सुमारे १,४००, जर्मन कैदी १,६०० च्या आसपास. ब्रिटिश मुख्यालयाने त्या लढाईचे हुकूम पुस्तिका करून बाकीच्या सैन्याला वाटले.

नकाशावाचक

हामेलवर सगळे लिहितात. मला गॅलिपोली (तुर्कस्तानातला द्वीपकल्प, १९१५) आणि तिथली टेकडी ९७१ महत्त्वाची वाटते, कारण तिथे हाच माणूस हीच पद्धत घेऊन गेला आणि आपटला.

मोनॅश २६ एप्रिल १९१५ला चौथ्या ब्रिगेडसह उतरला. मोनॅश व्हॅली ही घळ त्याच्याच नावाची. वर क्विन्स, कोर्टनीज, पोप्स ही ठाणी आणि त्यांना रसद फक्त त्या घळीतून. पाणी, काडतुसं, जखमी, सगळं एकाच वाटेवर, तुर्की नेमबाजांच्या माऱ्याखाली. वाळूच्या पोत्यांचे आडवे बांध घालून वाट नागमोडी केली तेव्हा माणसं टिकू लागली.

मग ६ ऑगस्टची रात्र. डावी तुकडी जनरल कॉक्सच्या हाताखाली: मोनॅशची चौथी ब्रिगेड आणि २९वी भारतीय ब्रिगेड, म्हणजे १४ वी शीख आणि गुरखा पलटणी. काम असं: अंधारात किनाऱ्याने उत्तरेला जायचं, अघिल देरे या ओढ्यात वळायचं, मग कडे चढून पहाटेपर्यंत ९७१ मीटरची नव्हे, ९७१ फुटांची टेकडी घ्यायची. (हा घोळ नेहमी होतो. ९७१ हा नकाशावरचा फुटांतला आकडा.)

बिघडलं कसं ते पायरीपायरीने:

ठरलेली वाट सोडून वाटाड्याने जवळची म्हणून टेलर्स गॅपची अरुंद खिंड घेतली. झुडपं दाट, एका वेळी एक माणूस, दोन्ही बाजूंनी तुरळक गोळीबार. अख्खी रांग तुंबली. रात्रीच्या कूचमध्ये पुढच्याने मिनिटभर थांबलं की शेपटाकडे तो मिनिट पंधरा होतो, हे कुठल्याही पलटणीत माहीत असतं. नकाशे निकृष्ट, सोंडांची आणि घळ्यांची संख्याच जुळेना. उजाडलं तेव्हा ब्रिगेड जिथे असल्याचं समजत होती तिथे नव्हती. आणि माणसं आजारी होती. महिनोन्‌महिने जुलाब, खारवलेलं मांस आणि पाण्याची वानवा.

८ ऑगस्टला तीन बटालियना अब्दुर्रहमान सोंडेकडे पुढे गेल्या. त्या चुकीच्या सोंडेवरून निघाल्या होत्या. उघड्या शेतात मशीनगनांनी कापलं. साडेसातशेच्या वर माणसं गमावली आणि मागे आल्या. इतिहासकार यात मोनॅशला दोष देतात की तो पुढे जाऊन रांग हलवण्याऐवजी टेलिफोनपाशी राहिला. माझं मत मधलं आहे. त्या भूगोलात, त्या नकाशावर, त्या प्रकृतीच्या माणसांकडून ते होणारं नव्हतं. पण आराखड्यातच ते लिहून आलं तेव्हा ब्रिगेडियर म्हणून त्याने ठणकावून हरकत घेतल्याचं दिसत नाही. तीन वर्षांनी साडेसहाची अट घालणारा मोनॅश तो हाच, यात मला संगती दिसते.

रानवाट

भारतीय सैनिकांचा उल्लेख आलाच आहे तर, गॅलिपोलीत मराठा पलटणी होत्या का? आजकाल फॉरवर्डमध्ये असं फिरतं.

नकाशावाचक

नव्हत्या. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या, ती गेली मेसोपोटेमियात आणि कुटच्या वेढ्यात सापडली. काळ तोच, म्हणून घोटाळा होतो.

गॅलिपोलीला होते शीख, गुरखे, खेचरगाड्यांचे भारतीय तांडे, आणि २१वी कोहट आणि २६वी जेकब्स या दोन डोंगरी तोफखान्याच्या बॅटऱ्या. २५ एप्रिलला अ‍ॅन्झॅक (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेच्या) किनाऱ्यावर सगळ्यांत आधी उतरलेल्या तोफा २६ व्या बॅटरीच्या. तोफ १० पौंडी, तिची नळीच दोन तुकड्यांत. खेचरांवर लादायची, वर नेऊन पिळाने जोडायची. बाकी मैदानी तोफा त्या उभ्या कड्यांवर चढेनात, त्यामुळे पहिले दिवस अ‍ॅन्झॅकांना जवळचा आधार याच तोफांचा.

बिनतारी

८ ऑगस्ट १९१८, फ्रान्समधल्या आमिया शहराजवळची लढाई, यावर कोणीच काही लिहिलं नाही म्हणून मी.

हामेलला कोअरचा छोटा भाग लढला. इथे चौथी आर्मी: मधे ऑस्ट्रेलियन, दक्षिणेला कॅनेडियन, सोमच्या उत्तरेला ब्रिटिश तिसरी कोअर. पहाटे ४:२०, दाट धुकं. मोनॅशने बेडूकउडी मांडली. दुसरी आणि तिसरी डिव्हिजन पहिल्या रेषेपर्यंत जाणार आणि थांबणार. मग मागून पाचवी आणि चौथी त्यांच्यातून पुढे निघणार, ८:२० ला. मधल्या जवळपास दोन तासांत तोफा घोड्यांनी पुढे ओढून नव्या जागी लावायच्या. पायदळ तोफेच्या टप्प्याबाहेर गेलं की मरतं, हा पश्चिम आघाडीचा चार वर्षांचा अनुभव. ही दोन तासांची फट त्यावरचं उत्तर.

यात सर्वांत कमी बोललं जातं ते तोफांचं मौन. पूर्वी लढाईआधी चार-पाच दिवस भडिमार व्हायचा, कारण प्रत्येक तोफेने नेम तपासायला गोळे टाकून बघावे लागत. शत्रूला तारीख कळायची. १९१८ला ते टाळता आलं:

प्रत्येक तोफ मागे मैदानात नेऊन तिचा गोळा कुठल्या वेगाने सुटतो ते मोजायचं, म्हणजे तिची झीज किती ते कळतं. हवेचं तापमान, वारा, दाब यांचे आकडे दिवसातून अनेकदा तोफखान्याला कळवायचे. तोफेची जागा सर्वेयरने मोजून नकाशावर घालायची. मग पहिलाच गोळा लक्ष्याजवळ.

आणि शत्रूच्या तोफा शोधायच्या त्या आवाजावरून. सहा मायक्रोफोन आघाडीमागे मोजलेल्या अंतरांवर. तोफेचा धमाका प्रत्येकाकडे थोड्या वेगळ्या वेळी पोचतो, त्या फरकांवरून जागा निघते. साधा मायक्रोफोन बंदुकीच्या आवाजानेही हलायचा, म्हणून तापलेल्या बारीक तारेचा वापरला. तोफेचा मंद, खोल धक्का तार गार करतो, वरचे आवाज तिला लागत नाहीत. हे बसवणारा लॉरेन्स ब्रॅग, ॲडलेडचा, १९१५चा भौतिकीचा नोबेलवाला. जोराचा वारा जर्मनांच्या दिशेने वाहत असला की मात्र हे सगळं ठप्प. ८ ऑगस्टला समोरच्या ५३० जर्मन तोफांपैकी ५०४ च्या जागा आधीच नकाशावर होत्या. पहिल्या काही मिनिटांत त्यांची तोंडं बंद.

ऑस्ट्रेलियन कोअरचे त्या दिवशीचे कैदी ७,९२५, तोफा १७३. अडलं ते डाव्या हाताला. तिसऱ्या कोअरला चिपिलीचा उंचवटा घेता आला नाही, तिथल्या जर्मन तोफांनी नदीपलीकडून चौथ्या डिव्हिजनचे रणगाडे टिपले. शेजाऱ्याची हद्द आपल्या आराखड्यात नसते.

लालशाई

बिनतारींचं शेवटचं वाक्य २९ सप्टेंबरला पुन्हा लागू होतं, आणि तिथे मोनॅशची चूक सरळ त्याच्याच खात्यावर जाते.

हिंडेनबुर्ग रेषा, म्हणजे जर्मनांची पक्की तटबंदी, आणि तिच्यावरचं बेलिकूर. सेंट कँतां कालवा इथे साडेपाच किलोमीटर बोगद्यातून जातो, म्हणून वर जमीन आहे, रणगाडे जाऊ शकतात. ताज्या दमाच्या दोन अमेरिकन डिव्हिजना, २७ वी आणि ३०वी, आधी जातील, मग ऑस्ट्रेलियन त्यांच्यातून पुढे. अडचण अशी की २७ व्या डिव्हिजनच्या समोर सुरुवातीची रेषाच अजून जर्मनांकडे होती. ती घ्यायला २७ सप्टेंबरला एक रेजिमेंट पाठवली. बारा कंपन्यांत अधिकारी अठरा. हल्ला फसला, माणसं रानात विखुरली, जिवंत आहेत की नाहीत ठाऊक नाही. आता भडिमार ठरल्या रेषेवर सुरू करावा तर पायदळ हजार यार्ड मागे, आणि मागे ओढावा तर आपल्याच जखमींवर पडणार. मोनॅशने एक दिवस मागितला, हेगने दिला नाही. भडिमार ठरल्या जागी सुरू झाला. पायदळ त्याच्यापासून हजार यार्ड मागून, उघड्यावर, मशीनगनांसमोर. वर रणगाडे जुन्या, विसरलेल्या ब्रिटिश सुरुंगपट्ट्यात शिरले. आणि पुढे गेलेल्या अमेरिकनांनी बोगद्याची तोंडं झाडली नाहीत, त्यामुळे जर्मन त्यांच्या पाठीमागे वर आले.

त्याच दिवशी दक्षिणेला ब्रिटिशांच्या ४६ व्या डिव्हिजनने बोटींचे जीवरक्षक पट्टे लावून कालवा सरळ पोहून-चालून ओलांडला. तिथे रणगाड्याला वाट नाही म्हणून मोनॅशच्या आराखड्यात त्यांचा हल्ला नव्हताच, तो रॉलिन्सनने घातला.

मोनॅशने १९२०च्या आपल्या पुस्तकात अमेरिकनांच्या अननुभवावर बरंच ढकललं आहे. नवशिक्या फौजेला न घेतलेली सुरुवातरेषा देणं हा निर्णय कोणाचा, हे मात्र तिथे शोधावं लागतं.

आणि माणसांची दमछाक. ऑस्ट्रेलियात सक्तीची भरती नव्हती, १९१६ आणि १९१७ची दोन्ही सार्वमतं पडली. सप्टेंबरपर्यंत हजारांच्या बटालियनमध्ये तीनशे-चारशे उरले. २१ सप्टेंबरला पहिल्या बटालियनच्या शंभरावर लोकांनी पुढे जायला नकार दिला. मग बटालियना मोडून एकत्र करायचा हुकूम आला तेव्हा त्यांनी तोही झिडकारला, आमच्या पलटणीचं नाव घेऊनच मरू द्या म्हणाले. मोनॅशने तो बराचसा पुढे ढकलला. पण आठवड्यामागून आठवडे हल्ले तोच मागत होता.

ओळंबा

लालशाई, दमछाकीबद्दल तुमचं बरोबर. २७ मार्च ते ५ ऑक्टोबर १९१८ या काळातले २९,१४४ कैदी आणि ३३८ तोफा हे आकडे त्याचे चाहते देतात, पण ते कोणाच्या पायांवर मिळाले हे विसरतात.

मला मात्र बेलिकूर वाचताना मोनॅशच्या इंजिनियरकीतलं १९०१चं बेंडिगो (व्हिक्टोरियातलं गाव) आठवतं. मोनॅश आणि त्याचा भागीदार अँडरसन मोनिये पद्धतीचे, म्हणजे लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रिटच्या कमानींचे पूल बांधत. मेलबर्नचा अँडरसन स्ट्रीटचा पूल (१८९९) आणि फायान्सफर्डचा त्यांचेच, अजून उभे. बेंडिगोचा किंग्ज ब्रिज मात्र तिरकस होता. ओढा रस्त्याला काटकोनात नव्हता, म्हणून कमान तिरपी. मे महिन्यात वाफेचं इंजिन आणि रोलर वर चढवून भार-चाचणी घेतली आणि कमान कोसळली, एक माणूस मेला. सरळ कमानीचं गणित तिरक्या कमानीला लावलं होतं. तिरकस कमानीत भार लहान कर्णाकडे ओढला जातो, बोथट कोपऱ्यांवर ताण साठतो, आणि ते मोजायची रीत तेव्हा प्राध्यापकांकडेही नव्हती. कंपनीने पूल स्वखर्चाने परत बांधला आणि मोनॅश वर्षानुवर्षं कर्जात राहिला.

बिनतारी

युद्धानंतरचंही टाका की. मला वाटतं त्याचं सर्वांत अवघड काम यालोर्नचं, म्हणजे व्हिक्टोरियातल्या वीजकेंद्राचं.

ओळंबा

आधी लंडनमध्ये बसून १,६०,००० माणसं जहाजांनी घरी पाठवली, आठेक महिन्यांत. जो आधी आला तो आधी जाईल हे सूत्र, आणि जहाजाची वाट पाहणाऱ्यांना कामधंद्याचं शिक्षण.

मग १९२० पासून व्हिक्टोरियाचं वीज आयोग. तपकिरी कोळसा खाणीतून काढायचा, जागीच जाळायचा आणि १३२ किलोव्होल्टच्या तारेने मेलबर्नला वीज न्यायची. बॉयलर मागवले ते जुन्या खाणीतल्या कोळशाच्या मोजमापावर. नव्या खाणीचा निघाला फार ओला, वजनाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश पाणी. अशा कोळशाची बरीच धग स्वतःचंच पाणी उकळण्यात जाते, जाळीवर तो पेटण्याआधी नुसता धुमसतो, वाफ ठरल्यापेक्षा कमी. भट्ट्या बदलाव्या लागल्या, वाळवायला जागा वाढवावी लागली, खर्च फुगला, विधिमंडळात शिव्या खाल्ल्या. १९२४ला वीज मेलबर्नला पोचली, त्याच वर्षी जर्मन यंत्रांवर कोळशाच्या विटाही निघू लागल्या. ज्यांच्या तोफा त्याने धरल्या त्यांच्याच देशातून तंत्र आणलं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. जर्मन भाषा घरचीच.

१९३१च्या फेब्रुवारीत नव्या दिल्लीच्या उद्घाटनाला ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी म्हणून तो भारतात आला होता. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला गेला. थडग्यावर फक्त 'जॉन मोनॅश', हुद्दा नाही, पदक नाही.

रानवाट

पॅरिसला जाणं झालं तर ही जागा बघता येते का?

नकाशावाचक

येते. पॅरिसहून आमिया, तिथून लोकल गाडीने कोर्बी किंवा व्हिलेर-ब्रेतोनो. व्हिलेर-ब्रेतोनोच्या स्मारकामागे जमिनीखाली मोनॅश केंद्र आहे, २०१८ला उघडलं. हामेलसाठी कोर्बीहून सायकल बरी, गाव पाच-सहा किलोमीटरवर. स्मारक गावाच्या पूर्वेच्या टेकडीवर, तिथे जर्मन खंदकांचे उरलेले चर दिसतात. जाताना हामेलच्या हल्ल्याचा नकाशा जवळ ठेवा आणि टेकडीवरून पश्चिमेला तोंड करून उभे राहा. ऑस्ट्रेलियन तिकडून चढून आले. उन्हाळ्यात गहू उभा असतो. १९१८लाही पीक उभं होतं आणि जुलैच्या पहाटे शिपाई त्यातूनच आले. शेतात शिरू नका, मालकांना ते आवडत नाही आणि नांगराला अजून गोळे लागतात.